अर्धा स्पंज

अण्णांनी माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज उकळायला ठेवला, तेव्हा मी शेजारच्या शेगडीवर पोळ्या करत होते. पातेलं त्यांनी नेमकं दुधाचं घेतलं होतं. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि सासऱ्यांना पातेल्यावरून बोलण्याइतकी मी त्या घरात रुळले नव्हते. पाणी खळखळून उकळलं तसा त्यांनी चिमट्याने स्पंज उलटा केला, वर झाकण ठेवलं आणि समाधानाने म्हणाले, "आता यात औषधालासुद्धा जंतू उरायचा नाही."

त्याच आठवड्यात टाकीतला एक सोनमासा पोट वर करून तरंगू लागला. मग दुसरा. अण्णांनी ते दोन्ही मासे परसात जास्वंदीखाली पुरले, हात साबणाने दोनदा धुतले आणि मला बोलावून हळू आवाजात बजावलं, की ही गोष्ट माझ्या माहेरी कळता कामा नये.

माझं माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं. माझे वडील, डॉक्टर किणीकर, गावातले जुने आणि मोठे डॉक्टर. आणि माझे सासरे, दिगंबर भोकरे, गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रावर सगळी नोकरी काढून नुकतेच निवृत्त झालेले. मी कॉलेजात असताना गावात काविळीची साथ आली होती. तेव्हा भर चौकातल्या सभेत पप्पा माइकवरून म्हणाले होते, की गाव घाण पाणी पितंय आणि ते पाजणारा माणूस आपल्यातच बसला आहे. अण्णा तिसऱ्या रांगेत होते. त्यांना निलंबित केलं. पुढे चौकशीत निघालं, की केंद्रातून निघणारं पाणी उत्तम होतं. खालच्या आळीत गटाराशेजारची पाइप फुटून घाण आत शिरत होती. अण्णा कामावर परत आले. निलंबनाची सभा चौकात झाली होती, परत येण्याची कुठेच झाली नाही. पप्पांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांच्या मते तो संपला होता.

मग अण्णांच्या हेमंतने आणि मी लग्न ठरवलं. दोन्ही घरांनी आरडाओरडा केला नाही. दोघेही आपापल्या परीने सभ्य होते, तेच जास्त अवघड गेलं. लग्नात पप्पा पाण्याची स्वतःची बाटली घेऊन आले आणि जेवताना ती पानाशेजारी ठेवून जेवले. अण्णा समोरच्या पंगतीत वाढत होते. त्यांनी ती बाटली पाहिली आणि पुढच्या पानावर जिलबी वाढली.

निवृत्तीच्या दिवशी केंद्रातल्या लोकांनी अण्णांना काचेची मोठी टाकी भेट दिली. जन्मभर पाण्यात घालवलेला माणूस, म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली कल्पना. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, हेमंत साखर कारखान्यात पाळीवर असायचा, आणि अण्णांना दिवसभर करायला काही नव्हतं. त्यांनी टाकीचं काम नोकरीसारखं अंगावर घेतलं.

फिल्टर निवडायला ते जिल्ह्याच्या गावी गेले तेव्हा मला बरोबर नेलं. दुकानदार बडबड्या होता. त्याने आधी खड्यांखाली बसवायची सच्छिद्र प्लेट दाखवली. अण्णांना ती चटकन आवडली, कारण केंद्रातल्या वाळूच्या थरांसारखी होती. पण धुवायची तर सगळी टाकी उपसायला हवी, हे कळल्यावर बाजूला ठेवली. मग काचेच्या पाठीवर टांगायचा डबा निघाला, मग टाकीबाहेर ठेवायचं मोठं बंद पिंप. आणि शेवटी हवेच्या नळीवर चालणारा साधा काळा स्पंज. अण्णांनी त्याचं खोकं हातात घेऊन चष्मा वर सरकवला आणि त्यावरचा इंग्रजी मजकूर दोनदा वाचला. मग ते खोकं त्यांनी अगदी कडेने धरून परत दिलं.

"यात जंतू वाढतात असं यांनी स्वतःच छापलंय," ते मला म्हणाले. "आणि हे मी विकत घ्यायचं?"

त्यांनी टांगायचा डबा घेतला. त्यातला स्पंज काढून धुता येतो, उकळता येतो, एवढ्या एका गुणावर. घरी आल्यावर तो दर रविवारी पातेल्यात उकळायचा आणि दर आठवड्याला मासे मरायचे. पाणी मात्र बघत राहावं इतकं नितळ. आलेल्या प्रत्येकाला टाकी आधी रिकामीच वाटायची, आणि पुष्कळदा ती तशी असायचीही.

अण्णांना माशांचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी एक भीती होती आणि ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली. गावात एकदा बातमी फुटली, की भोकऱ्यांच्या घरचे मासे भोकऱ्यांच्याच पाण्याने मरतात, तर लोक काय म्हणतील. लोक म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं.

माझ्या माहेरी टाकी होती. माझ्या लहानपणापासून होती. पप्पांना मासे आवडायचे, पण टाकी साफ करायचा कंटाळा. आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. काचेवर शेवाळ, तळाशी गाळ, आणि कोपऱ्यात एक स्पंज, ज्याचा मूळ रंग कोणता हे आईलाही आठवत नव्हतं. त्यात एंजल मासे हाताच्या पंज्याएवढे झाले होते आणि त्यांना पिल्लंही व्हायची. पप्पा म्हणायचे, डॉक्टरच्या घरचे मासे आहेत, निरोगी असणारच.

शेवटी हेमंतने पुण्याहून एक पुस्तक आणलं. अण्णा ते झोपाळ्यावर बसून वाचायचे. मधेच थांबून समोर बघत राहायचे. पुढे त्यांनी मला ते समजावून सांगितलं, ते असं: मासा जे टाकतो त्याचं पाण्यात विष होतं. ते विष डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं असलं तरी असतं. ते पचवणारे जंतू असतात आणि ते राहायला स्पंजासारखी जागा शोधतात. फिल्टर कचरा अडवायला नसतोच मुळी. तो त्या जंतूंचं घर असतो. ते घर वसायला महिना-दीड महिना लागतो. "आणि मी दर रविवारी ते उकळत होतो," अण्णा म्हणाले. जन्मभर ज्यांना मारण्याचा पगार घेतला, त्यांच्यावाचून चार मासेही जगत नाहीत, हे त्यांना मनापासून पटलं होतं आणि मनापासून आवडलेलं नव्हतं.

ते पुन्हा त्या दुकानात गेले आणि काळा स्पंज घेऊन आले. टाकीत तेव्हा दोनच मासे उरले होते आणि ते वर येऊन तोंड उघडत होते. महिनाभर ते तग धरणार नव्हते. पुस्तकात यावर एक उपाय होता: वर्षानुवर्षं चालू असलेल्या टाकीतला मळका स्पंज मिळवावा आणि नव्याला चिकटवून ठेवावा.

अण्णांनी विचारलं, "तुझ्या वडिलांच्या टाकीतला फिल्टर कधी धुतात?"

मी म्हटलं, माझ्या आठवणीत तरी कधीच नाही.

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, स्टीलचा डबा घेतला आणि मला पुढे घालून माझ्या माहेरी निघाले. लग्नानंतर पहिल्यांदाच. पप्पा व्हरांड्यात पेपर वाचत होते. आईने आतून पाणी आणलं, ते अण्णांनी सगळं प्यायलं आणि भांडं खाली ठेवता ठेवता सरळ विषयाला हात घातला.

"डॉक्टर, मला तुमच्या टाकीतली घाण हवी आहे."

पप्पांनी पेपर खाली केला. हा टोमणा आहे की काय, हे त्यांना ठरवता येईना. मग अण्णांनी जंतूंचं सगळं सांगितलं, पुस्तकातल्या नावांसकट, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. जंतू चांगले असतात हे भोकऱ्यांच्या तोंडून ऐकताना पप्पांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे माझ्या टाकीत जे आहे, ते तुमच्या टाकीत नाही," ते म्हणाले.

"नाही," अण्णा म्हणाले.

"आणि ही त्यालाच घाण म्हणते." पप्पांनी आईकडे बोट दाखवलं. आई हसली. पप्पांनी दवाखान्यातली ड्रेसिंगची कात्री मागवली, बाह्या वर करून स्पंज बाहेर काढला आणि बरोबर मधोमध कापला. अर्धा टाकीत परत, अर्धा डब्यात. निरोप घेताना त्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. एखाद्याला रक्त दिल्यासारखे ते त्या दिवशी वागत होते.

अण्णांचे ते दोन मासे वाचले. पाणी किंचित पिवळसर झालं, काचेवर हिरवट साय धरली, आणि मासे धडधाकट. आठवड्याला अण्णा टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज हलकेच पिळायचे, तोंड दुसरीकडे करून. पप्पा आता रोज एखाद्या पेशंटला आपल्या टाकीसमोर उभं करून चांगल्या जंतूंवर बोलायचे. कधीमधी संध्याकाळी आमच्याकडेही डोकावून जायचे. उभ्याउभ्याच, पण यायचे. मला वाटलं, झालं. सुटलं एकदाचं.

दिवाळीच्या तोंडावर आईचा फोन आला. पप्पांचे सगळे मासे रातोरात मेले होते. आवाज अगदी सपाट होता. पप्पांनी नगरपालिकेच्या पाणी खात्याच्या मॅडमना बोलावून घेतलंय, पेपरवालाही आलाय, तू जमलं तर ये, एवढंच ती म्हणाली. मी अण्णांना सांगितलं. मी पायात चपला घालेपर्यंत ते फाटकाशी उभे होते.

व्हरांडा माणसांनी भरला होता. एंजल मासे परातीत ओळीने ठेवले होते. ढवळे मॅडम, अण्णांच्या जागी नुकत्याच लागलेल्या, अजून नोकरीत कायम न झालेल्या, सगळ्यांसमोर नळाच्या पाण्याची परीक्षा करत होत्या. बाटलीत औषध टाकलं, हलवलं, रंग दाखवला. क्लोरिन हवं तेवढंच होतं.

"तुमच्या बाटलीपेक्षा माझे मासे खरं बोलतात," पप्पा म्हणाले. गावाला पुन्हा विष पाजलं जातंय, संध्याकाळी चौकात सभा घेतो, असं त्यांनी पेपरवाल्याला सांगितलं. तेवढ्यात त्यांना अण्णा दिसले. "या भोकरे. बरं झालं आलात. तुमच्याइतकं पाणी इथे कुणाला कळत नाही. यांना सांगा, हे पाणी कसं आहे ते."

इतक्या वर्षांनी पप्पांनी चारचौघांत त्यांना पाण्यातलं कळतं असं म्हटलं होतं, आणि तेही आपल्या बाजूने साक्ष द्यायला. अण्णा आत टाकीपाशी गेले. शिल्लक राहिलेला अर्धा स्पंज त्यांनी बाहेर काढला आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी नेला. उजेडात उलटासुलटा करून पाहिला असेल, असं मला वाटलं. मग खिशातून रुमाल काढून त्यात तो गुंडाळला आणि रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दिवाळीची साफसफाई अर्धी झालेली होती. डबे, फडकी, सगळं तिच्या पायाशी पसरलं होतं.

अण्णा व्हरांड्यात आले. "पाणी चांगलं आहे," ते म्हणाले. "मॅडमनी दाखवलं ते बरोबर आहे. चूक माझी आहे. अर्धा स्पंज मी नेला. उरलेल्या अर्ध्याला एवढ्या माशांचा भार पेलला नाही. मला हे आधी कळायला हवं होतं."

पेपरवाल्याने वही मिटली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. स्वतःचे दोन मासे वाचवायला माझ्या वडिलांचे सगळे मासे घालवले, आणि हे आत्ता सांगतात. पप्पांनी परातीकडे पाहिलं.

"होतं असं," ते म्हणाले. "माणूस चुकतो. मी मनात ठेवणार नाही, भोकरे."

आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत अण्णांना माफ केलं. सभा झाली नाही. ढवळे मॅडम जाताना अण्णांच्या पाया पडल्या, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

घरी येताना मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळपर्यंत बोलले नाही. धुवायच्या कपड्यांत त्यांचा तो शर्ट होता. रुमाल त्यांनी काढून घेतला होता, पण खिसा ओलाच होता. मी शर्ट नुसत्या पाण्यात बुडवला आणि त्या खिशातून फेस आला. भांड्याच्या साबणाचा, लिंबाच्या वासाचा. आमच्या घरी आम्ही तेव्हा राख वापरायचो. तो साबण माझ्या आईचा.

मी तशीच ओल्या हातांनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि झोपाळा थांबवला.

"सण आला म्हणून तिने स्पंज लख्ख धुतला," ते म्हणाले. "साबणाने. मी नाही का उकळायचो? तसंच ते. घाण दिसली, धुतली."

मी म्हटलं, पण तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत. साबण दाखवला असता तर पाण्यावरचाही आळ सुटला असता आणि तुमच्यावरही आला नसता.

"वैजू, तुझे वडील एकदा मला बोलले, ते ऐकून मी घरी आलो. माझं घर वेगळं आहे. तुझ्या आईला त्याच घरात राहायचंय."

आईने लग्नाच्या पहिल्या वर्षी खिरीत चुकून मीठ घातलं होतं. ती गोष्ट पप्पांनी माझ्या लग्नातही पाहुण्यांना सांगितली होती, आणि आई तेव्हाही हसली होती.

त्यानंतर दोन्ही घरांचं खरोखरच सुरळीत झालं. पप्पा रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले. अण्णांनी त्यांच्या टाकीसाठी आपल्या स्पंजातला अर्धा कापून दिला, नवे एंजल आणून सोडले, आणि तो स्पंज पिळायला दर आठवड्याला स्वतः जाऊ लागले. पप्पांना ते त्यांचं प्रायश्चित्त वाटायचं. कुणी नवखा भेटला की पप्पा अण्णांच्या खांद्यावर हात टाकून प्रेमाने ओळख करून द्यायचे: हे आमचे व्याही, यांनी माझे मासे मारले. अण्णा मान हलवायचे. आई दर दिवाळीला पहिला घाणा अण्णांच्या डब्यात भरून पाठवायची. घरात अजून कुणी चव घेतलेली नसायची. त्या दिवसाबद्दल आई माझ्याशी बोलली नाही, अण्णांशी बोलली असेल तर मला माहीत नाही.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. वाचनालयाच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. पाणी खात्यातली जुनी माणसं आली होती, ढवळे मॅडम आल्या होत्या. पप्पा तेव्हा काठी टेकत चालायचे, तरी भाषणाला उभे राहिले आणि चांगलं बोलले. दिगंबरराव मोठ्या मनाचा माणूस, ते म्हणाले. चूक आपल्या हातूनही होते, त्यांच्याही हातून झाली. पण झालेली चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते, आणि ती त्या माणसाला होती. मग त्यांनी माशांची गोष्ट सुरू केली. ती सगळ्यांना पाठ होती.

आई माझ्या शेजारी बसली होती. ती उठून उभी राहिली. मला वाटलं, तिला बरं वाटत नाहीये.

"ते मासे मी मारले," ती म्हणाली. "स्पंज मी साबणाने धुतला होता. भोकऱ्यांना ते माहीत होतं."

सभागृहात तिचा आवाज मागपर्यंत गेला असेल की नाही, कुणास ठाऊक. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. पप्पांनी श्रोत्यांकडे बघून समजुतीने मान डोलावली.

"फार हळवी आहे ती," ते माइकमध्ये म्हणाले. "व्याह्यांवर माया होती तिची. त्यांचा दोषसुद्धा तिला स्वतःवर घ्यावासा वाटतो." आणि त्यांनी हाताने तिला बसायची खूण केली, माइक नीट केला आणि गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली.

आई बसली नाही. भाषण बरंच लांबलं. ते संपेपर्यंत ती उभी होती.